पायात गोळा येणं: लगेच काय करायचं, का येतो, पुन्हा येऊ नये म्हणून काय (टोळ्या निघायच्या आधी)

काळी माती

दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या टोळ्या उसाला निघतील. त्याआधी वस्त्यांवर बसून तब्येतीच्या चार गोष्टी सांगायच्या असतात. पायाच्या गोळ्याचा प्रश्न दर साली निघतो आणि दर साली उत्तर तेच मिळतं, "केळं खा, कॅल्शियमची गोळी घे." तेवढ्यानं भागत नाही. म्हणून हा धागा.

कुणी पेटका म्हणतं, कुणी वांब, कुणी पिंढरीत गोळा आला म्हणतं. दुखणं एकच, पण कारणं चार-पाच आणि प्रत्येकाचा उतारा निराळा. विषय ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी कृपा करून मापासकट लिहा. पाणी किती, मीठ किती, ताण किती सेकंद, कोणत्या औषधावर शंका घ्यायची.

सुरुवात माझ्याकडून. गोळा येणाऱ्या माणसाला आधी विचारावं, "कधी येतो?" रात्री झोपेत येतो, दिवसभर घाम गाळल्यावर येतो, चालताना ठरावीक अंतरावर येतो, की पोटूशी असताना येतो? या एका प्रश्नानं अर्धं काम होतं. मीठ-पाण्याचा उपाय घाम गाळलेल्याला लागू पडतो, रात्री झोपेत ओरडत उठणाऱ्या सत्तरीच्या आजोबांना नाही. उलट त्यांना बीपी असेल तर जादा मीठ घातकच.

सरळ गुडघा

फिजिओथेरपीच्या बाजूनं लिहितो. आधी ऐन वेळी काय करायचं ते.

गोळा आला की पोटरीचा मांसल भाग लिंबाएवढा वर उचलतो, बोट दाबलं तर दगडासारखा लागतो, पाऊल आपसूक खाली वाकतं आणि बोटं मुडपतात. म्हणजे स्नायू जास्तीत जास्त आखूड झालेला असतो. त्याला लांब करणं हाच उतारा.

१. बसल्या जागी गुडघा पूर्ण सरळ करा. २. पायाची बोटं आणि चवडा नडगीकडे ओढा. हात पोचत नसेल तर उपरणं, टॉवेल किंवा ओढणी चवड्याखालून घालून दोन्ही टोकं आपल्याकडे ओढा. ३. ओढ हळूहळू वाढवा आणि गाठ सैल होईपर्यंत धरून ठेवा, साधारण अर्धा ते एक मिनिट. ४. सोडताना झटका नको.

चूक कुठे होते? गुडघा वाकलेला राहतो. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. गुडघा वाकला की तो वरच्या टोकाला ढिला पडतो, मग पाऊल कितीही ओढलं तरी ताण बसत नाही. दुसरी चूक म्हणजे फक्त अंगठा ओढणं. पूर्ण चवडा यायला हवा.

उभं राहता येत असेल तर टाच जमिनीला टेकवून त्या पायावर भार द्या, किंवा टाचांवर आठ-दहा पावलं चाला. टाचांवर चालताना नडगीपुढचा स्नायू कामाला लागतो, आणि तो आवळला की समोरासमोरच्या जोडीतल्या पोटरीला मज्जारज्जूकडूनच सैल पडायचा निरोप जातो. म्हाताऱ्या माणसानं मात्र अंधारात ताडकन उठू नये. गोळ्यापेक्षा पडून खुब्याचं हाड मोडणं फार महागात पडतं. त्यांनी खाटेच्या कडेला बसूनच उपरण्यानं ओढावं.

बहुतेक गोळे काही सेकंदांपासून दहाएक मिनिटांत सुटतात. नंतर एक-दोन दिवस पोटरी ठणकते, त्याला कोमट पाण्याचा शेक द्या. गोळा जोरात असताना नुसता शेक देत बसण्यात वेळ जातो. आधी ताण, मग शेक.

कोपी

सरळ गुडघा यांनी लिहिलेलं टोळीत दाखवून पाहिलं की लोकांना लगेच कळतं, पण त्याआधी जे चाललेलं असतं ते थांबवायला लागतं. पिंढरीला दोरी नाहीतर फडकं करकचून बांधायलेत, पोराला पायावर उभं करायलेत, कुणी बुक्क्या मारायलेत. बांधण्यानं काय होतं ते कुणी जाणकारानं सांगावं म्हणजे सांगायला जोर येईल.

बालाघाट

कोपी, बांधल्यानं स्नायू लांब होत नाही, म्हणून गाठ सुटत नाही. वर रक्त अडतं, आणि बांधून तसंच झोपलं तर पाय सुजतो. बुक्क्यांनी आधीच आवळलेल्या तंतूंना मार बसतो आणि दुसऱ्या दिवशीची ठणक वाढते.

पोराला पायावर उभं करण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, दुसऱ्या पायापेक्षा जाड दिसते, हाताला गरम लागते, दुखणं तासन्‌तास हलत नाही, तर तो गोळा नसून खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथं चोळणं, तुडवणं, तेल लावून रगडणं यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाळंतीण, नुकतंच ऑपरेशन झालेला, प्लास्टर घातलेला, कॅन्सरचा किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर ही शंका आधी घ्यायची आणि त्याच दिवशी डॉप्लर (शिरांतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) होईल अशा दवाखान्यात न्यायचं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ बोलवा, थांबू नका.

काळी माती

बालाघाट, मोजायचं कसं तेही सांगा. वस्तीवर नुसत्या नजरेनं "जाड वाटतं" म्हटलं की गोंधळ होतो.

बालाघाट

गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जे हाडाचं टेंगूळ हाताला लागतं, तिथून १० सेंटिमीटर खाली खूण करा आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर शिवणाच्या टेपनं मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पाठवा. फरक कमी आहे म्हणून गुठळी नाहीच असं धरू नका, बाकीची लक्षणं असतील तरी पाठवायचंच.

कोपी

आता घामाच्या गोळ्याबद्दल. ऊसतोडीत हाच जास्त. पहाटे चारच्या आधीपासून फडात, वाकून कोयता, मग मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. फळीवर चढताना सगळा भार चवड्यावर येतो, टाच टेकतच नाही, म्हणजे पिंढरी आवळलेलीच राहते. त्यात बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण फडात आडोसा नसतो. संध्याकाळी कोपीवर (पाचटाच्या झोपडीवर) आल्या की एकदम दोन तांबे साधं पाणी रिचवतात. तासाभरात पाय, मांड्या, कधी पोटाचे स्नायूसुद्धा आवळायला लागतात.

आडोशाची सोय मागणं हा गोळ्यावरचा इलाज आहे, असं माझं ठाम मत आहे. मुकादमाशी बोलताना हे पण बोला. दोन बांबू आणि एक जुनी ताडपत्री, एवढ्यानं फडाच्या कडेला आडोसा होतो.

बालाघाट

कोपींनी जे वर्णन केलं तोच उष्णतेचा पेटका. त्याची ओळख अशी: खूप घाम गेलेला असतो, गोळा एका स्नायूवर थांबत नाही, पोटरीतून मांडीत, मांडीतून पोटात फिरतो, आणि बऱ्याचदा काम संपून विसावा घेताना सुरू होतो.

घामातून पाण्याबरोबर मीठ जातं, माणसागणिक कमी-जास्त, पण एका लिटर घामात दोन-तीन ग्रॅम मीठ जाणं नेहमीचं. उन्हात जड काम करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम येतो. त्यावर नुसतं साधं पाणी भराभर प्यायलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. ही गोष्ट नवी नाही. १९२३ साली इंग्लंडमधल्या कोळसा खाणीतल्या कामगारांवरच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. गरम खाणीत घाम गाळून भरपूर पाणी पिणाऱ्यांना पेटके यायचे, आणि पाण्यात थोडं मीठ टाकल्यावर ते थांबायचे.

उपाय: काम बंद, सावली, कपडे सैल. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. त्या एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. हे प्रमाण बिघडवायचं नाही. अर्धं पाकीट तांब्याभर पाण्यात, उरलेलं उद्या, असं केलं की माप चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगेला भरायचा नाही, बोटानं सपाट करायचा. घोट घोट करत तासाभरात संपवा. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या.

गोळे थांबले म्हणून लगेच फळीवर चढू नका. निदान काही तास जड काम नको. तासाभरात थांबले नाहीत, उलटी होऊ लागली, माणूस बरळायला लागला, तर हे गोळ्याच्या पुढं गेलं. अंगावर पाणी ओता, वारा घाला, दवाखाना गाठा.

आणि एक, जे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. जड कामानंतर अंग जबर दुखतंय आणि लघवी काळ्या चहासारखी झाली आहे, तर स्नायू मोडून त्यातला रंग रक्तात उतरतो आहे. त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. तीच लघवी बाटलीत घेऊन त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी अंगदुखीची डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेणं म्हणजे किडनीवर दुसरा घाव.

गोदाकाठ

आषाढीला पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीत आणि कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांत गोळे फार येतात. त्यांना पण हेच लागू?

सरळ गुडघा

काही अंशी. उन्हात चालणाऱ्याला मीठ-पाण्याचं वर सांगितलेलं लागू आहेच. पण सराव नसलेला माणूस एकदम २०-२५ किलोमीटर चालतो तेव्हा मुख्य कारण स्नायूचा थकवा. थकलेल्या स्नायूत 'आवळ' सांगणारे संदेश वाढतात आणि 'सोड' सांगणारे कमी पडतात. म्हणून गोळा नेमका सगळ्यात जास्त राबलेल्या स्नायूत येतो, सगळ्या अंगात येत नाही. निघायच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातून चार दिवस चालायला सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात ४-५ किलोमीटर, नंतर हळूहळू वाढवा. मुक्कामावर पोचल्यावर लगेच आडवं न होता आधी पोटऱ्या ताणा. आणि नवी कोरी चप्पल घालून निघू नका.

औषधखिडकी

औषधांच्या दुकानात रोज विचारलं जातं ते आणि त्याची खरी उत्तरं:

मॅग्नेशियम: वयस्क माणसांच्या रात्रीच्या पेटक्यांवर याच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली आला. फायदा होण्याची शक्यता कमी, हाच निष्कर्ष. जुलाब मात्र होतात. ज्याच्या रक्तात खरोखर मॅग्नेशियम कमी आहे त्याची गोष्ट वेगळी.

क्विनीन: मलेरियाची ही गोळी पूर्वी पायाच्या पेटक्यांसाठी सर्रास दिली जायची. थोडा गुण येतो, पण प्लेटलेट कोसळणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं हे जिवावरचे धोके आहेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१० मध्ये पुन्हा बजावलं की रात्रीच्या पेटक्यांसाठी हे वापरू नका. कुणी जुनी चिठ्ठी घेऊन आलं तरी देऊ नये.

आता उलट बाजू, म्हणजे गोळे आणणारी औषधं. हे कुणी विचारतच नाही.

बीपीच्या गोळीच्या नावापुढं 'एच' असेल तर बहुतेक वेळा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध असतं. क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड हीही त्याच कामाची. यांनी सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. दम्याचे सालब्युटामॉल, सालमेटेरॉल हे पंपही यादीत आहेत. कोलेस्टेरॉलच्या एटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिननं सहसा गाठ येत नाही, दोन्ही मांड्या भरून आल्यासारख्या दुखतात, जिना चढताना जीव जातो. तसं असेल तर सीपीके (स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करा. आणि ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल: आपल्याकडे लोक ती वर्षानुवर्षं सकाळच्या चहाआधी घेतात. वर्षापेक्षा जास्त काळ घेतल्यास रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा २०११ सालचा आहे.

यातली एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "ही सुरू झाल्यापासून गोळे वाढलेत" एवढं एक वाक्य सांगा.

काळी माती

केळ्याचं काय, औषधखिडकी? ते तर प्रत्येक घरात सांगतात.

औषधखिडकी

केळं चांगलंच आहे, खावं. पण आलेला गोळा केळ्यानं सुटत नाही. पोटॅशियम पोटातून रक्तात यायला अर्धा-एक तास लागतो, आणि तेही एका केळ्यानं जेमतेम हलतं. तोवर गोळा आपोआप गेलेला असतो आणि श्रेय केळ्याला मिळतं.

किडनीच्या रुग्णाला मात्र केळं, नारळपाणी, ओआरएस हे सगळं विचारून. त्याचं पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं आणि ते हृदय थांबवू शकतं.

गोदाकाठ

बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं गोळे येतात असं परभणी-हिंगोलीकडं बरेच जण मानतात.

बालाघाट

भांड्यावर जो पांढरा थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. हे दोन्ही कमी पडले तर गोळे येऊ शकतात, जादा झाल्यानं नव्हे. जड पाण्यावर खापर फोडण्याआधी साखर, थायरॉइड आणि चालू औषधं बघा.

चालतानाच्या गोळ्याबद्दल राहिलं होतं. माणूस म्हणतो, "देवळापर्यंत जातो, तिथं पिंढरी आवळते, दोन मिनिटं थांबलो की जाते, पुन्हा तेवढंच चाललो की पुन्हा." अंतर दरवेळी तेच. हा पायाच्या धमनीतला अडथळा. विडी-तंबाखू आणि साखर असलेल्यांत जास्त. पावलावरची नाडी लागत नाही, पाय गार पडतो, नडगीवरचे केस जातात. याला ताण आणि मीठ दोन्हीचा उपयोग नाही. दंडाच्या आणि घोट्याच्या बीपीची तुलना करून तपासतात, अंबाजोगाईला किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात सर्जरी विभागात दाखवा. आणि थांबून जात नाही, खाली बसल्यावर किंवा पुढं वाकल्यावरच जातं, सायकल चालवताना त्रास नाही, तर दोष कमरेच्या मणक्यात.

रात्री पाय आवळत नाहीत, गाठ येत नाही, पण पाय हलवल्याशिवाय चैनच पडत नाही, हा तिसराच आजार. त्यात लोह कमी असतं, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) तपासायला सांगा.

सरळ गुडघा

रात्रीचा गोळा पुन्हा येऊ नये म्हणून ज्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे ते लिहितो. नेदरलँड्समध्ये ५५ च्या पुढच्या ८० जणांवर चाचणी झाली, २०१२ साली प्रसिद्ध झाली. झोपण्याआधी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणणाऱ्यांचे गोळे सहा आठवड्यांत स्पष्ट कमी झाले.

भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभे राहा. दोन्ही तळवे भिंतीला. टाचा जमिनीला चिकटलेल्या, गुडघे सरळ, पावलं समोर. अंग पुढं झुकवा, पोटरीत ओढ जाणवली की १० सेकंद थांबा, १० सेकंद सोडा. तीनदा. मग एक टाच खुर्चीवर किंवा पायरीवर ठेवून, गुडघा सरळ ठेवून, कमरेतून पुढं वाका. तसंच तीनदा, दोन्ही पायांना. पाच मिनिटांचं काम. टाच उचलली गेली किंवा पावलं बाहेर वळली की सगळा ताण वाया जातो. खालीवर हिसके देऊ नका. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.

कोपी

कोपीत भिंत नसते, पाचटाची असते. टेकली तर पडंल.

सरळ गुडघा

बरोबर आहे. मग गाडीचा कठडा, झाडाचं खोड किंवा ट्रॉलीचं चाक. तेही नसेल तर फडाच्या बांधावर चवडे ठेवून टाचा खाली सोडा, हातात काठी किंवा जोडीदाराचा खांदा.

काळी माती

पोटूशी बायांचं कुणी लिहील का? टोळीत सहा-सात महिन्यांच्याही असतात.

बालाघाट

चौथ्या महिन्यानंतर गोळे वाढतात, रात्री जास्त. ताण वरच्यासारखाच, पण भिंतीला किंवा खोडाला धरून, वाकायचं नाही. झोपताना डाव्या कुशीवर. सरकारी योजनेत १४ आठवड्यांपासून कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज मिळतात. त्या मुख्यतः बीपी वाढू नये म्हणून आहेत, गोळे कमी होतीलच असं नाही, तरी चुकवू नका. जेवणानंतर घ्यायच्या, आणि लोहाच्या गोळीसोबत नाही, दोन्हींत दोन तासांचं अंतर. नाहीतर लोह अंगाला लागत नाही. क्विनीन या काळात पेटक्यांसाठी अजिबात नाही. निघण्याआधी आशाताईंकडून दोन्ही गोळ्यांचा महिन्याचा साठा आणि माता-बाल कार्ड सोबत घ्या, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या उपकेंद्रात पुढच्या गोळ्या मिळतील.

कोपी

कोपीत थंडीची गोधडी जड असते, पायाशी घट्ट खोचलेली. त्यानं काही होतं का?

सरळ गुडघा

होतं. उताणं झोपल्यावर गोधडीचं वजन बोटांवर पडतं, पाऊल रात्रभर खाली दाबलेलं राहतं आणि पोटरी आखूड. पायाशी खोचू नका. तळव्यांना टेकेल असं कपड्याचं गाठोडं पायाशी ठेवा आणि गोधडी त्याच्यावरून घ्या. पावलं उभी राहतील.